पिंपातली किल्ली : हेडफोनवाल्यांचं भांडण आणि अभिरुचीचा प्रश्न

‘अभिरुची’ या विषयावर टीप लिहा, असा प्रश्न आला की आपली मुलं ठरलेलं उत्तर लिहितात. अभिरुची व्यक्तिसापेक्ष असते, संस्कारांनी घडते, काळाप्रमाणे बदलते. शेवटी ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ असं लिहिलं की पाच मार्कांची सोय झाली. उत्तर चूक नाही. पण त्यातून एक अडचण काही सुटत नाही. आवड खरंच ज्याची त्याची असेल, तर माणसं आवडीवरून इतकी भांडतात कशाला? एकाला कारलं आवडतं आणि दुसऱ्याला आवडत नाही, म्हणून घरात कुणी कुणाला अडाणी म्हणत नाही. गाण्यावरून म्हणतात. कवितेवरून म्हणतात. आणि २००८ नंतरच्या काही वर्षांत एका भलत्याच वस्तूवरून म्हणू लागले, ती म्हणजे हेडफोन.

मराठी वाङ्मय मंडळात हेडफोनचं काय काम, असं कुणी विचारेल. मंडळाच्या बैठकीला येणाऱ्या निम्म्या जणांच्या गळ्यात ते लोंबत असतात, हे एक कारण. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. कवितेबद्दल वाद झाला की तपासून बघायला हातात फारसं काही नसतं. हेडफोनच्या बाबतीत थोडं तरी तपासता येतं. त्यामुळे आवडीनिवडीच्या भांडणात तपासण्यासारखा भाग किती आणि नुसता तोरा किती, हे वेगळं काढून बघायला हे उदाहरण बरं पडतं.

कामाची वस्तू, मग गळ्यातला दागिना

हेडफोन मुळात कामाची वस्तू. टेलिफोन एक्सचेंजमधले ऑपरेटर आणि जहाजावर बिनतारी संदेश ऐकणारे लोक ती वापरत. १९१० साली अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या नॅथॅनियल बाल्डविन या माणसाने घरीच तयार केलेले हेडफोन अमेरिकन नौदलाने घ्यायला सुरुवात केली. तेव्हा त्यात गाण्याचा संबंध नव्हता. १९५८ साली मिलवॉकी शहरातल्या जॉन कॉस यांनी स्टिरिओ संगीत ऐकण्यासाठी म्हणून हेडफोन आणले. १९६८ साली जर्मनीतल्या सेनहायझर कंपनीने एचडी ४१४ हे पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचं मॉडेल काढलं. त्याची पाठ उघडी होती. पाठ उघडी असली की आवाज मोकळा वाटतो, पण बाहेरचा गोंगाट आत येतो आणि आतलं गाणं बाहेर जातं. म्हणजे असा हेडफोन वापरायला शांत खोली लागते. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

१ जुलै १९७९ रोजी सोनीचा वॉकमन आला आणि हेडफोन रस्त्यावर आला. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोन लावायच्या दोन जागा होत्या आणि एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं हलकं होऊन दोघांना एकमेकांशी बोलता येई. कंपनीचे अकिओ मोरिता यांना वाटत होतं की चारचौघांत एकट्यानेच ऐकत बसणं लोकांना उद्धटपणाचं वाटेल. लोकांना तसं काही वाटलं नाही आणि पुढच्या मॉडेलांतून ती सोय गेली.

२००१ साली ॲपलचा आयपॉड आला. त्याच्या जाहिरातीत नाचणारी माणसं काळ्या सावलीसारखी दाखवत आणि कानातली वायर तेवढी पांढरीशुभ्र. खिशातलं यंत्र दिसत नव्हतं, वायर दिसत होती. हेडफोन हा अंगावर मिरवण्याचा जिन्नस आहे, हे तिथे पक्कं झालं.

बीट्स आणि त्यांचे टीकाकार

डॉ. ड्रे हे अमेरिकन रॅप संगीतातलं मोठं नाव. कलाकार म्हणून आणि त्याहूनही निर्माता म्हणून. जिमी आयोव्हिन हे ध्वनिमुद्रण करणारे तंत्रज्ञ, पुढे रेकॉर्ड कंपनीचे मालक. या दोघांनी २००६ साली ‘बीट्स’ ही कंपनी काढली आणि २००८ साली तिचा पहिला हेडफोन बाजारात आला, किंमत सुमारे ३५० डॉलर. त्यांचं म्हणणं असं, की स्टुडिओत आम्ही महिनोन् महिने ज्या आवाजावर मेहनत घेतो तो पोरं फुकटात मिळालेल्या पांढऱ्या वायरीतून ऐकतात, त्यात खालचा ठेका ऐकूच येत नाही. म्हणून त्यांचा हेडफोन खालच्या सुरांना, म्हणजे बासला, चांगलाच उठाव देणारा होता.

विक्रीची तऱ्हा त्यांची वेगळी होती. तांत्रिक आकड्यांची जाहिरात न करता खेळाडू आणि गायक यांच्या डोक्यावर तो दिसेल अशी व्यवस्था केली. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते अधिकृत पुरस्कर्ते नव्हते, तरी आपापल्या देशाच्या रंगांतले हेडफोन खेळाडूंकडे पोचले आणि पोहण्याच्या तलावाकाठी कॅमेऱ्यात दिसले. २०१४ साली अमेरिकन फुटबॉल संघटनेचा करार बोस कंपनीशी होता, तेव्हा बीट्स घालून पत्रकारांसमोर आल्याबद्दल एका नामवंत खेळाडूला १०,००० डॉलर दंड झाला. त्याच वर्षी ॲपलने ही कंपनी सुमारे तीन अब्ज डॉलरना विकत घेण्याचं जाहीर केलं.

आता दुसरी बाजू. सेनहायझर, बायरडायनॅमिक, एकेजी, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात घरगुती कारखान्यासारखी चालणारी ग्राडो, अशा कंपन्यांची मॉडेलं अभ्यासाने निवडणारे, एकेका हेडफोनवर पानंच्या पानं लिहिणारे शौकीन आधीपासून होते. इंग्रजीत त्यांना ‘ऑडिओफाइल’ म्हणतात. त्यांना बीट्सचं यश सोसवलं नाही. त्यांचे आक्षेप साधारण असे: बास इतका फुगवलाय की गायकाचा आवाज मागे पडतो, प्लास्टिक ठिसूळ आहे, बॅटरी संपली की पहिलं मॉडेल अजिबात वाजतच नाही, आणि याच पैशात कितीतरी चांगलं मिळतं. हे सगळे आक्षेप पारखून घेण्याजोगे आहेत आणि पहिल्या मॉडेलपुरते बरेचसे खरे होते.

पण त्यांच्या जोडीने आणखी काही वाक्यं येत. ‘हे घेणाऱ्यांना संगीत कळत नाही.’ ‘त्यांना फक्त धडधड पाहिजे.’ ‘रॅप ऐकणाऱ्याला कुठलाही डबा चालतो.’ पहिल्या यादीतून दुसऱ्या यादीत आपण कधी सरकलो, हे बोलणाऱ्यालाही कळत नाही. वस्तूवरची टीका गाण्यावर घसरली आणि गाण्यावरची माणसांवर. अमेरिकेत रॅप हे मुळात काळ्या वस्त्यांतून आलेलं संगीत आहे हे ध्यानात घेतलं, तर ही घसरण कुठे जाऊन थांबते ते सांगायला नको.

शब्द काय सांगतात

साहित्याच्या विद्यार्थ्याने या शौकिनांची भाषा जरूर वाचावी. आवाजाला ते ‘वॉर्म’ म्हणतात, ‘ब्राइट’ म्हणतात, ‘डार्क’ म्हणतात, ‘मडी’ म्हणतात. सेनहायझरच्या एचडी ६५० या मॉडेलवर वर्षानुवर्षं एकच वाद चालला, की त्याच्या आवाजावर पातळसा ‘पडदा’ आहे की नाही. डोळ्याचे, स्पर्शाचे, चिखलाचे शब्द कानासाठी वापरायचे. यात हसण्यासारखं काही नाही, आपणही तेच करतो. मराठीत आवाज धारदार असतो, भरदार असतो, कोरडा, ओला, पोकळ, बसका, खणखणीत असतो. तान दाणेदार असते. डग्ग्याला घुमारा असतो.

आपल्याकडच्या गाण्याच्या शब्दांचा एक गुण मात्र वेगळा आहे. त्यातले बरेचसे शब्द कारागिराच्या हातातून आलेत. तंबोऱ्याची ‘जवारी’ घ्या. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून ती लावतात आणि लागली की तारेतून वरचे बारीक सूर झणझणत बाहेर पडतात. ती लागली की नाही याबद्दल दोन जाणकारांचं सहसा एकमत होतं. आता बास फुगवलेल्या हेडफोनवर तंबोरा ऐका. पुरुष गायकाचा सा जर काळी एकमध्ये असेल तर तो सुमारे १३८ हर्ट्झचा आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, सुमारे ६९ हर्ट्झ. फुगवटा नेमका तिथेच असतो. खर्ज गुंगतो आणि त्याच्या ओझ्याखाली जवारी दबते. ‘हा हेडफोन मला आवडत नाही’ आणि ‘या हेडफोनमध्ये जवारी ऐकू येत नाही’ ही दोन वाक्यं सारखी नाहीत. दुसरं खोटं ठरू शकतं. म्हणून त्याला किंमत आहे.

ह्यूमची गोष्ट

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७५७ साली अभिरुचीच्या निकषावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याने ‘डॉन किहोते’ या स्पॅनिश कादंबरीतली सांचोने सांगितलेली गोष्ट घेतली आहे. सांचोच्या घराण्यात दारूची पारख असलेले दोघे होते. एका पिंपातल्या दारूबद्दल मत द्यायला त्यांना बोलावलं. एक म्हणाला, दारू उत्तम, फक्त चामड्याची किंचित चव येते. दुसरा म्हणाला, उत्तमच, फक्त लोखंडाची येते. लोक दोघांनाही हसले. पुढे पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी एक जुनी किल्ली निघाली, चामड्याच्या वादीला बांधलेली.

ह्यूमला सांगायचंय ते असं, की आवड जरी मनातली गोष्ट असली तरी ती वस्तूत खरोखर असलेल्या कशाला तरी दिलेला प्रतिसाद असते आणि काहींना ते बारकाईने जाणवतं. गोष्ट सुरेख आहे, पण मला तिच्यातली एक जागा फार महत्त्वाची वाटते. किल्ली सापडेपर्यंत त्या दोघांना हसणारे लोकही तेवढ्याच खात्रीने हसत होते. आणि समजा पिंपातून किल्ली निघालीच नसती तर? तर तेच दोघे नुसते तोरा मिरवणारे ठरले असते. म्हणून प्रत्येक जाणकाराला विचारायचा प्रश्न हा: तुमच्या पिंपात किल्ली आहे का?

हेडफोनच्या पिंपात ती शोधायचा प्रयत्न झाला आहे. २०१२ नंतरच्या काही वर्षांत हार्मन कंपनीतले शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांचे सहकारी यांनी ऐकणाऱ्यांच्या चाचण्या घेतल्या. हेडफोनमध्ये मोठी अडचण ही, की डोळे बांधले तरी डोक्यावरचं वजन आणि गादीचा स्पर्श यावरून मॉडेल ओळखता येतं. म्हणून त्यांनी एकच हेडफोन सगळ्यांना घालायला दिला आणि त्यातून वेगवेगळ्या मॉडेलांचा आवाज कृत्रिमरीत्या वाजवला. अमेरिका, कॅनडा, जर्मनी आणि चीन या चार देशांतल्या दोनशेहून जास्त लोकांवर केलेल्या चाचणीत वय, देश, अनुभव यांच्या पलीकडे बऱ्याच जणांची पसंती एकाच प्रकारच्या आवाजाकडे झुकली. चांगल्या खोलीत चांगले स्पीकर जसे वाजतात, त्याच्या जवळचा तो आवाज.

यात दोन्ही पक्षांना थोडं थोडं खावं लागलं. बास बेसुमार फुगवलेला आवाज लोकांना एकूण आवडत नाही, म्हणजे टीकाकारांची तक्रार नुसता तोरा नव्हती. पण ज्या सपाट आवाजाला काही शौकीन ‘शुद्ध’ म्हणत होते, त्यापेक्षा थोडा जास्त बास बहुतेकांना हवा होता, आणि तरुणांना आणखी थोडा. शिवाय ‘शुद्ध’ची व्याख्या तरी स्थिर कुठे होती? त्याआधी काही दशकं हेडफोन कसा वाजावा याचा दुसराच नमुना अभियंत्यांमध्ये मान्य होता. तोही शास्त्रीय मोजणीवरच उभा होता. आपल्याला जे मूळ आणि निर्मळ वाटतं, त्यालाही तारीख असते.

किमतीचं तर आणखी गमतीशीर. जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजणी ताडून पाहिली. आवाजाचा वर-खाली तोल आणि विक्रीची किंमत यांच्यात त्याला काही संबंध सापडला नाही. महाग हेडफोन जास्त टिकतो, कानाला मऊ लागतो, दुरुस्त होतो, हे सगळं खरं असू शकतं. पण किंमत वाढली म्हणून आवाजाचा तोल सुधारतो असं नाही. बीट्सवाले ३५० डॉलर देऊन फसले असं हसणाऱ्यांपैकी काहींनी हजार डॉलर देऊन तेच केलं असणार.

आणि किल्ली काढून टाकली तरी चव येतच राहते, याचाही पुरावा आहे. २०१४च्या बीट्सच्या सोलो-२ या मॉडेलचं काही कडक परीक्षकांनी कौतुक केलं, आवाज बराच सुधारला होता. पण जुने विनोद चालूच राहिले. आवाज बदलूनही तिरस्कार बदलत नाही, तेव्हा तो आवाजाबद्दल नसतो.

शांत खोली कुणाकडे असते

बासच्या आवडीमागे दोन साधी कारणं आहेत, ती टीकाकार क्वचितच सांगतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाज हळू असताना आपल्या कानाला खालचे सूर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. दुसरं, बस, रेल्वे, रिक्षा यांचा घरघराट मुख्यतः खालच्या पट्टीतला असतो आणि तो गाण्यातला बास गिळून टाकतो. बसमध्ये तासभर उभं राहून येणाऱ्या मुलाला बास वाढवलेला हेडफोन बरोबर वाटतो, कारण त्याच्यापुरता तो तोल बरोबरच करतो. उघड्या पाठीचा, सपाट आवाजाचा हेडफोन त्याच्या उपयोगाचा नाही. तो ज्याच्या घरी दार लावून बसायला वेगळी खोली आहे त्याच्यासाठी. आवडीचा फरक म्हणून आपण जे बोलतो, त्यात किती वेळा खोलीचा फरक असतो! (याच मुलाने बस ओरडते म्हणून आवाज वाढवत जाऊ नये हे मात्र सांगितलं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, तीही ८० डेसिबलला.)

आणि तिसरं कारण, गाणं. १९८० साली आलेल्या रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ या ताल-यंत्राचा खोल, लांबणारा ठोका रॅपच्या अंगातच मुरलेला आहे. तो नीट ऐकू आला नाही तर ते गाणं अर्धंच ऐकलं. जुन्या चर्चमधल्या मोठ्या पाइप ऑर्गनची १६ फुटी नळी सुमारे ३२ हर्ट्झचा सूर देते. तो कानापेक्षा छातीत आणि बाकाच्या लाकडात जाणवतो. बाखच्या रचनेत तो सूर आला की त्याला गांभीर्य म्हणायचं आणि रॅपमध्ये आला की धडधड, हे शब्द कोणत्या मोजणीतून आले?

उलट बाजूने, शौकिनांच्या आवडत्या ‘चाचणीच्या’ ध्वनिमुद्रिका पाहा. ईगल्सच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’चं १९९४चं प्रत्यक्ष कार्यक्रमातलं रूप, स्टीली डॅनचा १९७७चा ‘एजा’, नोरा जोन्सचा २००२चा पहिला संग्रह. ध्वनिमुद्रण म्हणून उत्कृष्ट, यात शंका नाही. पण हेडफोन चांगला दिसावा म्हणून गाणं निवडायची सवय लागली की माणूस हळूहळू तेवढंच ऐकू लागतो. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली वारले. आपल्या शेजारच्या मिरजेत त्यांच्या आयुष्याची बरीच वर्षं गेली. त्यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या महागड्या हेडफोनवर लावल्या तर आधी खरखर जास्त स्पष्ट ऐकू येते. ज्याला हेडफोनचा शौक आहे तो ती तबकडी बंद करेल. ज्याला खाँसाहेबांचा शौक आहे तो खरखरीतून सूर वेचून घेईल. दोघेही स्वतःला कानसेन म्हणवतात.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिअ याने १९६३ आणि १९६७-६८ मध्ये फ्रान्समधल्या बाराशेहून जास्त लोकांना त्यांच्या आवडी विचारल्या आणि १९७९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. बाखची ‘वेल टेम्पर्ड क्लॅविअर’ कुणाला आवडते, गर्श्विनची ‘रॅप्सडी इन ब्लू’ कुणाला आणि स्ट्राउसची ‘ब्लू डॅन्यूब’ कुणाला, हे शिक्षण आणि व्यवसाय पाहून बरंचसं सांगता येत होतं. त्याचं म्हणणं, आपण आवड निवडतो तेव्हा आपण कुणासारखे नाही आहोत हेही जाहीर करत असतो. ह्यूम आणि बोर्दिअ दोघांना एकत्र वाचा, असं मी वर्गात सांगतो. एकट्या ह्यूमने माणूस गर्विष्ठ होतो, एकट्या बोर्दिअने त्याला वाटू लागतं की सगळंच ढोंग आहे आणि जवारी हासुद्धा कुणाचा तरी डाव आहे.

आपल्या अंगणात

हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याला काय, असं म्हणायची सोय नाही. आपल्याकडे हेच भांडण सरकारी पातळीवर झालंय. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली. ज्या पेटीवर मराठी संगीत नाटक उभं राहिलं, जी गोविंदराव टेंब्यांच्या बोटांखाली गात होती, ती रेडिओवर नको. पण त्या बंदीमागे एक किल्ली होती. पेटीच्या पट्ट्या ठरावीक सुरांना बांधलेल्या असतात, दोन सुरांमधली मींड तीत निघत नाही, श्रुतींचे बारीक फरक दाखवता येत नाहीत. आक्षेप खरा होता. बंदी योग्य होती का, हा निराळा प्रश्न. माझ्या मते नव्हती.

दुसरं प्रकरण बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांचं. आपलेच मराठी. १९५२ ते १९६२ या काळात ते केंद्राचे माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांचं मनापासून प्रेम आणि आकाशवाणीवर त्यांनी त्याला मोठी जागा दिली, त्याचं ऋण मानलं पाहिजे. पण चित्रपटगीतं त्यांना हलकी वाटत, म्हणून ती जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केलं? रेडिओ सिलोन लावला. १९५७च्या ऑक्टोबरात ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. इथे पिंपात किल्ली नव्हती. त्या काळच्या चित्रपटगीतांत सूर कच्चे होते, शब्द निकृष्ट होते, असं आज कोण म्हणेल?

आणि आजचं म्हणाल तर ‘बोट’ घ्या. अमन गुप्ता आणि समीर मेहता यांच्या या भारतीय ब्रँडच्या एका मालिकेचं नावच ‘बासहेड्स’ आहे. बीट्सला हसायचे ते महाग म्हणून, बोटला हसतात ते स्वस्त म्हणून. किंमत उलटी झाली, हसणं तेच राहिलं.

आपल्या बेळगावात तर ‘डॉल्बी’ हा शब्द शिवीसारखा झालाय. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरांना आपण डॉल्बी म्हणतो. रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती ध्वनिफितीवरची खरखर कमी करण्यासाठी. गोंगाट घालवणाऱ्याचं नाव आपण गोंगाटाला दिलं! पण डॉल्बीविरुद्ध जे बोललं जातं त्यातही दोन ढिगारे करून बघा. म्हाताऱ्यांची छाती धडधडते, कानाला इजा होते, शेजारी दवाखाना आहे, हा एक ढिगारा. यातलं प्रत्येक वाक्य मोजता येतं आणि ते बोललंच पाहिजे. ‘कुठली पोरं नाचतात बघा की’ हा दुसरा.

मंडळाच्या पुढच्या बैठकीसाठी

पुढच्या बैठकीत एक प्रयोग करू. दोघे-दोघे बसतील. ऐकणाऱ्याचे डोळे बांधलेले, हेडफोन दुसरा घालेल. आवाजाची पातळी दोन्ही हेडफोनांवर शक्य तितकी सारखी करायची, कारण दोनांपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो. ही चूक हमखास होते. तीन गोष्टी ऐकायच्या: तंबोऱ्यावरचा विलंबित ख्याल, हलगी किंवा रॅपचा एक तुकडा, आणि कुणीतरी वाचलेलं एक पान गद्य. गद्य मुद्दाम घेतलंय. माणसाच्या साध्या बोलण्याचा आवाज आपल्याला इतका परिचित असतो की हेडफोनने केलेली लबाडी तिथे चटकन उघडी पडते.

प्रत्येकाने ऐकता ऐकता पाच मराठी शब्द लिहायचे, ‘मस्त’ आणि ‘भारी’ सोडून. मग प्रत्येक शब्दापुढे खूण करायची: हा शब्द खोटा ठरवता येईल का? कसा? शेवटी हेडफोन कुणाचा ते सांगायचं आणि ते कळल्यावर एखादा शब्द बदलावासा वाटला तर खोडून न टाकता शेजारी नवा लिहायचा. मला त्या जोड्या बघायच्या आहेत.

वजनावरून मॉडेल ओळखता येतं, त्यामुळे प्रयोग काटेकोर होणार नाही हे मला माहीत आहे. तरी करू. कोरे कागद मंडळ देईल. हेडफोन आपापले आणावेत आणि कंपनीचं नाव घरूनच चिकटपट्टीने झाकून आणावं.